सगळे लाल चतुर डार्टर नसतात : साताऱ्यातले पाच दिवस

डार्टर हे नाव इंग्रजी. काडीच्या टोकावर बसायचं, डास-माशी दिसली की बाणासारखं सुटायचं आणि घास पकडून परत त्याच काडीवर यायचं, ही ज्यांची रीत ते डार्टर. ही रीत साताऱ्यातल्या कितीतरी चतुरांची आहे, त्यामुळे नाव फारच मोघम वाटतं. अभ्यासक मात्र डार्टर म्हणतात ते प्रामुख्याने सिंपेट्रम या एका गटाला. जगात त्याच्या पन्नासहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक युरोप, जपान, उत्तर अमेरिका अशा थंड पट्ट्यात राहतात. भारतातल्या सिंपेट्रमांपैकी जवळपास सगळे हिमालयाच्या अंगाला. दक्षिणेत उतरलेला एकच, सिंपेट्रम फॉन्स्कोलोम्बी. लाल शिरांचा डार्टर. तोही जास्त करून डोंगरमाथ्यांवर भेटतो.

साताऱ्यात 'लाल चतुर' म्हणून जे फोटो फिरतात, त्यातले बहुतेक डार्टर नसतात. ते कोण असतात आणि कोणत्या पाण्यावर असतात, हे बघायला ऑक्टोबरचा दुसरा आठवडा निवडला. पाऊस संपलेला, डबकी अजून भरलेली, ऊन कडक. कासची फुलं उतरणीला लागल्याने गर्दीही कमी. जिल्हाही अशा कामाला सोयीचा. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि शंभरेक किलोमीटर पूर्वेला माण-खटावात ५०० च्या आसपास. पाणी बदललं की चतुर बदलतो.

सामान थोडंच. जवळचं दिसणारी ८×४२ दुर्बीण (दोन मीटरवर फोकस होत नसेल तर चतुरांसाठी ती निरुपयोगी), ३०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स, पेन्सिल, वही आणि चतुरांच्या पिल्लांनी टाकलेल्या काती ठेवायला गोळ्यांच्या रिकाम्या डब्या. जाळी घेतलीच नाही. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय ती चालत नाही, आणि लाल चतुर ओळखायला तिची गरजही पडत नाही.

दिवस पहिला : माहुली

साताऱ्याच्या पूर्वेला पाचेक किलोमीटरवर वेण्णा कृष्णेला मिळते. दोन्ही काठांवर दगडी घाट आणि देवळं, मधे संथ पाणी, कडेला जलपर्णी आणि बेशरमाची बेटं. लाल चतुरांची तोंडओळख करून घ्यायला याहून चांगली जागा नाही, कारण इथे ते सगळे शेजारी-शेजारी बसतात.

साडेनऊच्या आधी येऊन उपयोग नाही. ऊन अंगावर येईपर्यंत चतुर गवतात खाली बसलेले असतात आणि पायाखालून उठतात. साडेनऊ ते एक हा कामाचा वेळ.

सर्वांत आधी दिसतो तो ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा. गाजरी रंगाचा, बुटका, आणि पंखांच्या बुडापासून अर्ध्याच्या पुढपर्यंत नारिंगी झाक. पाण्यापासून हातभर उंचीवर, जलपर्णीच्या पानांवर, एकमेकांपासून वीत-दीड वीत अंतर ठेवून बसतात. सांडपाणी मिसळलेलं पाणी याला चालतं. म्हणून एखाद्या काठावर हा एकटाच भरमसाट दिसला, तर पाण्याच्या तब्येतीबद्दल शंका घ्यावी. मादी फिकट पिवळी असते आणि तिच्या पंखांना ती झाक नसते, त्यामुळे नवखा माणूस तिला हमखास दुसऱ्या जातीत टाकतो.

मग क्रोकोथेमिस सर्व्हिलिया. कुंकवाच्या करंडीत बुडवून काढल्यासारखा. डोळे लाल, चेहरा लाल, छाती लाल, पाय लाल. साताऱ्यातले 'डार्टर' म्हणून दाखवले जाणारे फोटो बहुतेक याचेच. मोबाइलवरची ओळख सांगणारी अ‍ॅपसुद्धा इथे फसतात. नुसता लाल रंग पाहून ती युरोपातल्या किंवा अमेरिकेतल्या एखाद्या सिंपेट्रमचं नाव पुढे करतात. अ‍ॅपवर भरवसा ठेवण्याआधी त्या जातीचा नकाशा उघडून पाहावा, निम्मे घोळ तिथेच मिटतात.

क्रोकोथेमिसला वेगळं काढायला तीन गोष्टी पुरतात. पोट चपटं आणि रुंद असतं, लोक त्याला शेपूट म्हणतात पण त्या दहा खंडांत पोटच असतं. पाठीवर मधोमध जाणारी बारीक काळी रेघ असते. आणि पाय. पाय बघायला चतुराच्या पातळीला यावं लागतं, म्हणजे घाटाच्या पायरीवर पालथं पडावं लागतं. वरून काढलेल्या फोटोत पाय पंखांखाली लपतात. क्रोकोथेमिसचे पाय लाल. डार्टरचे काळे, त्यांवर लांबीने जाणारी पिवळी रेघ. एवढी एक खूण धरली तरी गोंधळ बराच कमी होतो.

डार्टरच्या बाकीच्या खुणाही इथेच सांगतो, कारण पुढचे चार दिवस त्याच तपासायच्या आहेत. नराच्या पंखांच्या पुढच्या कडेच्या शिरा लाल. पंखाच्या टोकाजवळ जो रंगीत कप्पा असतो, ज्याला टेरोस्टिग्मा म्हणतात, तो फिकट पिवळा आणि त्याला जाड काळी किनार. मागच्या पंखाच्या बुडाशी पिवळा डाग. डोळा वरून तांबूस, खालून निळसर राखाडी. ही शेवटची खूण बाजूच्या फोटोत लगेच कळते. पोट क्रोकोथेमिसपेक्षा बारीक आणि गोलसर. मादी पिवळी, आणि पोटाच्या प्रत्येक बाजूला लांबीने जाणाऱ्या दोन काळ्या रेघा.

म्हणून एका चतुराचे चार फोटो लागतात. बाजूने, वरून, समोरून तोंडाचा आणि पोटाच्या टोकाचा. पहिला बाजूने घ्यावा. तो उडाला तरी पाय, डोळे आणि टेरोस्टिग्मा हातात राहतात. शटर १/५०० च्या खाली नेऊ नये, वाऱ्यावर काडी हलतच असते. ऑटोफोकस गवताच्या पात्यावर जाऊन बसतो. त्यावर उपाय म्हणजे फोकस बिंदू एकच ठेवून तो डोळ्यावर टेकवायचा.

घाटाच्या कोरड्या दगडांवर ब्रॅडिनोपिगा जेमिनाटा होता. लाल नाही, दगडाच्याच रंगाचा, काळ्या-करड्या ठिपक्यांचा. पंख दगडाला चिकटवून बसला की हात टेकवेपर्यंत दिसत नाही. त्याच दगडांवर, भर उन्हात, ट्रिथेमिस किर्बीचा एक नर. लाल अंग आणि चारी पंखांच्या बुडाशी मोठा नारिंगी पट्टा. ब्रॅकिथेमिसची झाक पंखभर पसरत जाते, याचा पट्टा बुडापाशीच थांबतो. आणि हा पानावर क्वचितच बसतो. त्याला तापलेला दगड नाहीतर भिंत लागते.

बारानंतर काही नरांनी पोट सरळ सूर्याकडे उभं केलं. शीर्षासन केल्यासारखं दिसतं. ऊन डोक्यावर आलं की अंगाचा कमीत कमी भाग उन्हाला दाखवायची ही युक्ती. वहीत ही वेळ आणि हवेचं तापमान लिहून ठेवावं.

दिवस दुसरा : कास

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कास पंचवीसेक किलोमीटर. पठाराची उंची १२०० मीटरच्या आसपास. खाली काळा बेसॉल्ट, वर जांभ्याचा थर, आणि त्यावर माती इतकी थोडी की पाऊस मुरत नाही, साचतो. इकडे याला सडा म्हणतात. आखून दिलेल्या वाटेच्या बाहेर पाय टाकायचा नाही. कारण फक्त फुलं नाहीत. कातळावरच्या तळहाताएवढ्या डबक्यातही कुणीतरी वाढत असतं.

सड्यावरच्या पाण्याचे ढोबळ तीन प्रकार दिसतात आणि प्रत्येकावर चतुर वेगळे.

पहिला, कातळातल्या परातीएवढ्या खळग्यांचा. घोटाभर पाणी, तळाशी गाळाचा पातळ थर, मासा नाही. पाऊस थांबला की दोन-तीन आठवड्यांत कोरडे. इथे पँटाला फ्लॅव्हेसेन्सचं राज्य. पावसाळ्यात थव्यांनी घिरट्या घालणारा तो पिवळसर-तांबूस चतुर, ज्याला मुलं हेलिकॉप्टर म्हणतात. याची पिल्लं चाळीसेक दिवसांत वाढून उडू शकतात. चतुरांमध्ये हा वेग फार मोठा आहे. खळगा आटायच्या आत बाहेर पडायचं असल्याने दुसरा मार्गही नाही.

एका खळग्यापाशी वाटेवरच बसून पंधरा मिनिटं पाहिलं. गाळाच्या रंगाचं, वाटाण्याएवढं, सहा पायांचं पिल्लू तळाशी निपचित. डासाची अळी वळवळत त्याच्यासमोर आली. पिल्लाचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली दुमडलेला असतो, तो एकदम लांब फेकला गेला, टोकाच्या आकड्यांनी अळी धरली आणि परत घडी झाली. डोळ्याला फक्त एवढंच कळतं की अळी होती आणि आता नाही. सावली पडल्यावर पिल्लू ज्या झटक्याने दूर सरकलं, तो पायांचा नव्हता. गुदद्वारातून पाणी जोरात बाहेर फेकून ते पुढे सुटतं. पाणी ढवळू नये. गाळ वर आला की पुढचा अर्धा तास काही दिसत नाही.

खळग्याच्या कडेच्या गवतावर काती होत्या. चतुर बहुधा रात्री किंवा पहाटे कात टाकतो, म्हणून काती शोधायला सूर्य वर यायच्या आधीची वेळ बरी. वारा सुटला की त्या उडून जातात. पाठीवर फाटलेली चीर, आणि चिरेतून लोंबणारे पांढरे धागे. हे धागे म्हणजे श्वासनलिकांचं अस्तर, तेही कातेबरोबर निघून येतं. डबीत कात टाकताना आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घालावी : जागा, तारीख, पाण्याचा प्रकार. बॉलपेनची शाई ओल लागली की पसरते. कोवळ्या, नुकत्याच बाहेर आलेल्या चतुराला हात लावू नये. पंख तुकतुकीत, ओल्या सेलोफेनसारखे असतात, बोट लागलं की कायमचे वाकडे.

दुसरा प्रकार गुडघाभर पाण्याच्या तळ्यांचा, ज्यांत गेंदाची पांढरी बोंडं आणि कुमुदिनीची पानं असतात. पठारावरचं कुमुदिनी तळं त्यातलं सर्वांत ओळखीचं. राजमार्ग म्हणतात त्या वाटेने चालत जावं लागतं. फुलांसाठी लोक सकाळी येतात, चतुरांसाठी अकराला यावं. इथे पानांवर डिप्लॅकोड्स ट्रिव्हिअ‍ॅलिस भरपूर. नर निळसर राखाडी, मादी हिरवट पिवळी. नाव लक्षात ठेवायचं कारण असं की याची मादी आणि डार्टरची मादी लांबून एकमेकींसारख्या वाटतात. फरक आकारात. डिप्लॅकोड्स जेमतेम तीन सेंटिमीटर, डार्टर चारच्या आसपास. शेजारी कुमुदिनीचं पान असेल तर मापाची सोय होते. गवतावर असेल तर नाही.

फॉन्स्कोलोम्बीला आवडणारं पाणी याच प्रकारचं. उथळ, उघडं, लवकर तापणारं, सावली नसलेलं. दीड तास दोघांनी आळीपाळीने कडा तपासली. तीन क्रोकोथेमिस, एक ट्रिथेमिस ऑरोरा, बाकी पँटाला. डार्टर नाही.

इथली चूक वेळेची असते. ढग आला की नर पाण्यावरून उठून बाजूच्या गवतात जातात आणि पाणी रिकामं दिसतं. लोक 'काही नाही' असं लिहून पुढे जातात. ढग जाऊन ऊन आल्यावर दहा मिनिटं थांबून मगच नोंद करावी. सड्यावर वारा कायमचा, म्हणून चतुर तळ्याच्या ज्या काठाला आडोसा असतो तिथे गोळा होतात. बाकी काठ पालथे घालण्यात वेळ जातो.

तिसरा प्रकार कास तलावाचा. बारमाही, कडेला झाडी. इथे सावलीचे चतुर लागतात आणि लाल रंग कमी होतो. आमचा शोध उघड्या पाण्याचा असल्याने तासाभरात आवरलं.

दिवस तिसरा : ठोसेघर आणि चाळकेवाडी

ठोसेघरचा धबधबा पाहायच्या सज्ज्यावरून चतुर दिसत नाहीत. ते वरच्या ओढ्यावर असतात. वाहतं, थंड, निम्मं सावलीतलं पाणी. इथला लाल म्हणजे ट्रिथेमिस ऑरोरा. त्याला नुसतं लाल म्हणणं अन्याय होईल. डाळिंबाचा दाणा उन्हात धरावा तसा जांभळट गुलाबी. पंखांच्या शिराही लालसर. याच शिरांमुळे तो लाल शिरांचा डार्टर समजला जातो. पण याचे पाय काळेच, पिवळी रेघ नाही. टेरोस्टिग्मा गडद. पोटाच्या टोकावर काळं. आणि तो वाहत्या पाण्यावर आनंदात असतो, डार्टर थांबलेल्या पाण्यावर. ओढ्याच्या मधल्या दगडांवर त्याचाच भाऊबंद ट्रिथेमिस फेस्टिव्हा, काळपट निळा.

टाचण्या, म्हणजे बसताना बहुधा पंख मिटून घेणारे चतुरांचे नाजूक नातलग, इथे बघण्यासारख्या. न्यूरोबेसिस चायनेन्सिसच्या नराचे मागचे पंख उडतानाच मोरपंखी चमकतात. बसला की पंख मिटतो आणि चमक गायब होते. ठोसेघरच्या नावाची एक टाचणीही आहे : युफिआ थोसेघरेन्सिस. २०२१ मध्ये याच भागातून विज्ञानाला नवीन म्हणून तिचं वर्णन झालं. वर्षानुवर्षं हजारो माणसं जिथे भजी खात उभी राहिली, तिथल्या ओढ्यावर ती होती. तिला लागतं वेगाने वाहणारं, झाडीखालचं स्वच्छ पाणी. ओढ्यातले दगड हलवणं, काठ सपाट करून काँक्रीट टाकणं, याने पहिला तडाखा अशाच जातींना बसतो. क्रोकोथेमिसला काही फरक पडत नाही, तो काँक्रीटच्या टाकीवरही खूश असतो.

दुपारी चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार. दुर्बीण स्थिर राहीना इतका वारा. अशा जागी एकच नियम : बांधाच्या, दगडी कुंपणाच्या किंवा वाळक्या गवताच्या वाऱ्याआडच्या बाजूला चालायचं. एका पडक्या बांधाच्या आडोशाला पँटालाचे वीसेक चतुर काड्यांना लोंबकळत होते. ऑक्टोबरात यांचा मोठा प्रवास सुरू होतो. मालदीवमध्ये ऑक्टोबर ते डिसेंबर यांचे थवे उतरतात, जिथे चतुराला अंडी घालायला गोडं पाणी जवळपास नाहीच. त्यावरून चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये असं मांडलं की हे चतुर भारतातून समुद्रावरून पूर्व आफ्रिकेकडे वाऱ्याबरोबर जात असावेत. चाळकेवाडीतले वीस कुठे निघाले होते हे त्यांच्याकडे बघून सांगता येत नाही.

दिवस चौथा : महाबळेश्वर आणि पाचगणी

पहिल्या दिवशी माहुलीला संपलेली वेण्णा इथे सुरू होते. वेण्णा तलाव १८४२ मध्ये साताऱ्याच्या राजाने बांधून घेतला. उंची १३०० मीटरच्या वर. सकाळी धुकं, म्हणून दहापर्यंत थांबलो. होड्यांच्या बाजूला काही नसतं, लाटांनी काठाचं गवत झोपलेलं असतं. उलट टोकाला, जिथे पाणी आत येतं आणि लव्हाळा आहे, तिथे जावं. क्रोकोथेमिस, ऑरोरा, ऑर्थेट्रम सबिना. हा शेवटचा हिरवा-काळा, वाघासारखा, दुसऱ्या चतुरांनाच खाणारा. त्याच्या तोंडात ऑरोराची मादी होती, पंख गवतावर पडत होते.

खरी गोष्ट तलावाबाहेर होती. स्ट्रॉबेरीची लागण नुकती झालेली, गादीवाफ्यांवर नवा मल्चिंग पेपर ताणलेला. काळ्या चकचकीत प्लॅस्टिकच्या एका वाफ्यावर पँटालाची जोडी पुढेमागे उडत, मादीचं शेपूट प्लॅस्टिकवर टेकवत होती. अंडी घालत होती. चतुर पाणी ओळखतो ते पृष्ठभागावरून आडव्या ध्रुवीकरणाने, म्हणजे लहरी आडव्याच दिशेत डोलत, परतणाऱ्या प्रकाशावरून. काळं चकचकीत प्लॅस्टिक तोच प्रकाश पाण्याहूनही जोरात परत फेकतं. गडद रंगाच्या गाडीच्या बॉनेटवर चतुर शेपूट आपटताना दिसतात, त्याचंही कारण हेच. ती अंडी उन्हात करपतात. म्हणून 'अंडी घालताना पाहिलं' ही नोंद करताना कशावर, हे लिहायलाच हवं. नाहीतर वाफा पाणवठा ठरतो.

अस्तर घातलेल्या शेततळ्यात पाणी खरंच असतं. तिथे पिल्लं वाढतात, पण वर चढायला काठावर काडी नसते. काती शोधायच्या तर पाण्यात सोडलेला पाइप आणि कडेचा दोर तपासावा. एका पाइपवर अकरा काती सापडल्या. कातीवरून जात ठरवायला सूक्ष्मदर्शक लागतो, त्यामुळे त्या डबीत गेल्या.

दुपारी पाचगणीचं टेबल लँड. पुन्हा जांभ्याचा सडा, घोड्यांच्या टापांनी मळलेला, आणि त्यावर उथळ तळं. कासच्या दुसऱ्या प्रकारासारखंच पाणी, पण गढूळ. इथे फॉन्स्कोलोम्बी असण्याला आडकाठी नाही. तो भटका आहे. आफ्रिकेपासून दक्षिण युरोप, मध्य आशिया, मंगोलियापर्यंत पसरलेला आणि नव्याने भरलेल्या पाण्यावर सर्वांत आधी येणाऱ्यांतला. इंग्लंडमध्येही तो दक्षिणेकडून पाहुणा म्हणून पोचतो. थंड देशांतले बरेच सिंपेट्रम हिवाळा अंड्यातच काढतात, याची अंडी मात्र लगेच फुटतात आणि वर्षाला एकाहून जास्त पिढ्या होतात. आटणाऱ्या तळ्याचा त्याला धाक नाही. अंडी घालतानाची पद्धतही लक्षात ठेवावी. डार्टरची जोडी बहुधा एकमेकांना धरूनच पाण्यावर शेपूट टेकवत जाते. क्रोकोथेमिसची मादी एकटी टेकवते आणि नर वरून राखण करतो. लांबून रंग कळत नसेल तेव्हा ही पद्धत पहिला इशारा देते. पण फक्त इशारा, कारण पँटालाही जोडीनेच अंडी घालतो.

तीनच्या सुमाराला तळ्यापासून दहा पावलांवर, वाळत चाललेल्या गवतात, एक पिवळी मादी. आकार बरोबर. पोटाच्या दोन्ही बाजूंना गडद रेघा. टेरोस्टिग्मा फिकट वाटला. ऑरोराची मादीही पिवळी-काळी असते, पण तिच्या पोटावर मधोमधही काळं असतं. हिच्या पाठीवर ते दिसलं नाही. तीन फोटो झाले, तिन्ही वरून. चौथ्यासाठी गुडघे टेकेपर्यंत घोडा आला आणि ती उडाली. पाय नाही, डोळ्याची खालची बाजू नाही, मागच्या पंखाचं बूड गवताच्या पात्याखाली. अर्धा तास त्याच काडीपाशी थांबलो. डार्टर काडीवर परततो म्हणतात, ते घास घेऊन आल्यावर. हुसकलेला परतेलच असं नाही.

वहीत नोंद अशी : सिंपेट्रम?, मादी, १, पाय दिसले नाहीत. प्रश्नचिन्ह काढायचा मोह होतो. काढू नये. एका ठाम चुकीच्या नोंदीने नकाशावर जो ठिपका पडतो, तो पुसायला वर्षं लागतात.

दिवस पाचवा : मायणी आणि येरळवाडी

सातारा, कोरेगाव, पुसेगाव, वडूज, मायणी. घाटमाथ्यावरची हिरवळ कोरेगावच्या पुढे ओसरते आणि बाभळी सुरू होतात. मायणीचा तलाव ब्रिटिशांच्या काळातला, पक्ष्यांसाठी प्रसिद्ध. इथे एक गंमत सांभाळावी लागते. डार्टर कुठे दिसतो असं विचारलं की लोक पाण्यातल्या वठलेल्या झाडाकडे बोट करतात, आणि तिथे पंख वाळवत बसलेला असतो तिरंदाज पक्षी. इंग्रजीत त्याचंही नाव डार्टरच. 'लाल चतुर' म्हटलं की मात्र सगळे बांधाकडे पाठवतात.

बांधाच्या दगडी पिचिंगवर ट्रिथेमिस किर्बी. माहुलीला एक होता, इथे पन्नास पावलांत सात नर. पाऊस कमी, दगड जास्त, सावली नाही, म्हणजे याच्या सोयीचं सगळं. पाणकणसाच्या टोकांवर ट्रिथेमिस पॅलिडिनर्व्हिस, लांब पायांचा, पिवळसर तपकिरी. बेशरमाच्या वाळक्या काठीवर युरोथेमिस सिग्नाटा. हा लाल आहे, ठसठशीत लाल, आणि त्याच्या मागच्या पंखाच्या बुडाशी गडद तपकिरी डाग आहे. डार्टरचा डाग पिवळा. उन्हाच्या विरुद्ध बाजूने पाहिलं तर दोन्ही काळेच दिसतात, म्हणून सूर्य पाठीशी घेऊन उभं राहावं. त्यासाठी बांधावर सकाळी पश्चिमेच्या टोकाने पूर्वेकडे चालत येऊ नये, उलट यावं.

येरळवाडीच्या जलाशयाला पाणी ओसरू लागलं होतं. ओसरतं पाणी मागे चिखलाचा पट्टा सोडतं, आणि त्या पट्ट्यात पाय घालू नये. वरून सुकलेला, खाली पोटरीपर्यंत. काठाने बैलगाडीच्या चाकोरीवरून चालावं. चाकोरीत साचलेल्या पाण्यावर ब्रॅकिथेमिस आणि डिप्लॅकोड्स, उघड्या पाण्यावर पँटाला, काठीच्या टोकावर पिवळ्या पट्ट्यांचा दांडगा इक्टिनोगोम्फस रॅपॅक्स. लाल शिरांचा कुणी नाही.

साडेचारला ऊन तिरपं झालं आणि एकेक करून सगळे लाल पाण्यावरून उठून बाभळीत गेले. वही मिटायची ही वेळ नव्हे. आणखी एक लाल बाकी असतो, आणि तो सूर्य बुडाल्यावर निघतो. थोलिमिस टिलार्गा. सव्वासहाच्या पुढे पाण्यापासून फूटभर उंचीवरून सरळ रेषेत, एकदा इकडून, एकदा तिकडून. त्याचं पोट प्रवाळासारखं लाल असतं, पण त्या उजेडात लाल काळाच दिसतो. दिसतात ते मागच्या पंखांवरचे दोन पांढरे ठिपके, अंधारात स्वतंत्रपणे उडत असल्यासारखे. कॅमेऱ्याचा फोकस त्यांच्यावर लागत नाही. मोजायचे तर ठिपक्यांच्या जोड्या मोजायच्या. पावणेसातला पाचपर्यंत मोजले, त्यानंतर पाणी आणि आकाश एक झालं.